वरनं नको, खालनं बघ : बेळगाव सीमाभागातले पूल

राजधानीची शहरं बहुधा नदीकाठी वसतात. लंडनला थेम्स, बुडापेस्टला डॅन्यूब, दिल्लीला यमुना. अशा शहरांचा इतिहास एकेका पुलाचं नाव घेत सांगता येतो. आमचं बेळगाव त्यात बसत नाही. ११ ऑक्टोबर २०१२ ला हलगा-बस्तवाडच्या माळावर सुवर्ण विधानसौधाचं उद्घाटन झालं, कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तिथं भरतं, म्हणजे कागदोपत्री आम्ही अर्धेमुर्धे राजधानीकर. पण शहरात नदीच नाही. मार्कंडेय बाहेरच्या बाहेर कंग्राळी, काकतीच्या शिवारातनं निघून जाते. आमच्या वाट्याला बळ्ळारी नाला आणि रेल्वेवरचे ओव्हरब्रिज. कपिलेश्वर, गोगटे सर्कल, तिसरं गेट, झाली आमची पुलांची यादी.

जिल्ह्याची गोष्ट वेगळी. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा, मार्कंडेय, मलप्रभा एवढ्या नद्या इथनं जातात आणि दर पावसाळ्यात 'अमुक-तमुक पूल पाण्याखाली' ही बातमी ठरलेली. त्या बातमीतली जोडनावं लहानपणापासून पाठ आहेत: कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज. पाढ्यासारखी म्हणता येतात. बघितलं मात्र एकही नव्हतं. यंदा ऊस तोडणी सुरू झाली तशी मामांना विचारलं. मामा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते, आता निवृत्त आहेत, घरी बसवत नाही. "गाडी तू चालवणार असशील तर येतो," म्हणाले. मामींनी डबा दिला, मामांनी मोजायची टेप घेतली आणि आम्ही निघालो.

शुक्रवार : हायवे

काकतीजवळ मार्कंडेय कधी ओलांडली ते मला कळलंच नाही. सहापदरी रस्त्यावर पूल जाणवत नाही, फक्त कठडा बदलतो. संकेश्वरला हिरण्यकेशी लागली. आंबोलीला उगम पावून आजरा, गडहिंग्लज करत ती इथं येते. मामांना खाली उतरायचं होतं, मला संकेश्वरी मिरचीची चौकशी करायची होती. मिरचीचा हंगाम अजून यायचा होता, म्हणून मामांचं ऐकलं.

तिथंच त्यांची पद्धत कळली. मी पुलावर उभी राहून फोटो काढत होते, तर हे काठाच्या झुडपांतनं खाली.

"वरनं काय बघतीस गे? वरनं सगळे रस्ते सारखेच. खालनं बघ."

खाली काय बघायचं, तर गाळे, म्हणजे दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा, किती, रुंदी किती, पुराची रेघ खांबावर कुठपर्यंत आली आणि पालापाचोळा, प्लास्टिक, उसाची धाटं कुठं अडकलीत. पूल माणसांना पलीकडं नेतो हे अर्धं काम, पाण्याला आपल्या खालनं जाऊ देतो हे उरलेलं अर्धं, आणि जास्त अवघड, असं त्यांचं म्हणणं. पुढं प्रत्येक ठिकाणी याच नजरेनं बघत गेलो.

तवंदी घाट उतरून निपाणी. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकऱ्यांनी याच रस्त्यावर ठाण मांडलं होतं, शेवट गोळीबारात झाला. निपाणीच्या पुढं यमगर्णीला वेदगंगा हायवे ओलांडते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा इथं रस्त्यावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक बंद पडली. ट्रकांच्या रांगांचे फोटो सगळ्यांनी बघितलेत. बघताना मला वाटायचं, एवढा मोठा हायवे, पूल एवढा बुटका कसा?

मामा म्हणाले, "पुलाचं सोड. पुलाच्या अलीकडं पलीकडं काय आहे ते बघ."

अलीकडं पलीकडं भराव आहे. नदीचं पात्र जेवढं, तेवढ्यापुरते गाळे, आणि दोन्ही बाजूंना शेतातनं उंच मातीचा बांध घालून त्यावर रस्ता. उन्हाळ्यात हे बरोबर दिसतं. पण वेदगंगा पुरात पात्रात राहत नाही, दोन्हीकडच्या उसात पसरते. मग तो भराव आडवा पडलेल्या धरणाचं काम करतो. पाणी वरच्या अंगाला तुंबतं, फुगवटा मागच्या गावांत शिरतो, आणि सगळा जोर मधल्या थोड्याशा गाळ्यांवर येतो. रुंदीकरण आलं तेव्हा मांगूर फाट्यावर शेतकऱ्यांनी भराव नको, पिलरचा पूल द्या म्हणून आंदोलन केलं ते यासाठी. पिलरला पैसा जास्त लागतो. भरावाला माती लागते, ती जवळपास मिळते, आणि तुंबलेल्या पाण्याचं बिल रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरलेलं नसतं. हे शेवटचं वाक्य मामांचं, पण मला शंभर टक्के पटलं.

कोगनोळीचा टोलनाका आणि पुढं दूधगंगेचा पूल. इथं कर्नाटक संपतं. अधिवेशनाच्या, सीमाभागातल्या मराठी लोकांच्या महामेळाव्याच्या दिवसांत या पुलावर पोलिसांचा ताफा असतो आणि महाराष्ट्रातनं येणाऱ्या पुढाऱ्यांना इथनंच परत फिरवतात. आम्ही गेलो तेव्हा मात्र दोन पोलीस सावलीत चहा पीत होते. टोल भरताना मला बुडापेस्टचा साखळी पूल आठवला. १८४९ साली तो सुरू झाला आणि टोल सगळ्यांना सारखा ठेवला. तोवर हंगेरीच्या सरदार मंडळींना करांतनं सूट होती, पुलावर मात्र त्यांनाही पैसे मोजावे लागले. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्याकडं उलटं आहे. आमदाराची गाडी तेवढी फुकट जाते."

रात्री निपाणीत मावसबहिणीकडं मुक्काम. भाकरी, झुणका, खर्डा. मामा पान लावून लवकर झोपले.

शनिवार : बंधारे

आज पाठ असलेली नावं बघायची होती. नकाशात नदी कमी आणि ऊस जास्त दिसत होता, प्रत्यक्षातही तेच.

जत्राटच्या बाजूनं वेदगंगेवर उतरलो तेव्हा बंधाऱ्यावर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचं काम चाललं होतं. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण 'पूल पाण्याखाली' ही बातमी वाचणाऱ्या शहरातल्या माणसांना, म्हणजे मलाही, ती माहीत नसते. यादीतले हे बहुतेक पूल मुळात पूल म्हणून बांधलेलेच नाहीत. ते कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. नदीत ओळीनं दगडी किंवा काँक्रीटचे बुटके खांब, खांबांना उभ्या खाचा, वर स्लॅब. पावसाळा सरला की खाचांत बरगे सोडायचे, पाणी अडतं, काठावरच्या मोटारी चालतात, ऊस जगतो. पूर्वी लाकडी फळ्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासत, आता लोखंडी पत्र्याचे बरगे असतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी सगळे बरगे काढून काठावर रचायचे आणि नदी मोकळी सोडायची. वरचा स्लॅब मुळात बरगे घालणाऱ्या माणसांना चालता यावं म्हणून. त्यावरनं बैलगाडी जाते म्हटल्यावर ट्रॅक्टर आला, ट्रॅक्टरमागनं जीप आली, मग शाळेची बस. पाण्यासाठी बांधलेल्या भिंतीचा असा रस्ता झाला.

त्यामुळे तो बुडतो यात बांधणाऱ्याची चूक नाही. बुडायचं हे गृहीत धरूनच तो बांधलाय. उंच केला तर बंधारा म्हणून महाग पडतो, आणि पुरात नदीला आडवा येतो. बुटका असला की पूर सरळ त्याच्या डोक्यावरनं जातो. कठडे नाहीत म्हणून आपण नावं ठेवतो, तर कठड्यातच झाडं-झुडपं अडकतात, पाण्याचा धक्का वाढतो आणि स्लॅब हलतो. म्हणून नुसते बुटके दगड, तेही मध्ये मध्ये फट ठेवून.

बरगे घालणाऱ्या गड्यांत एक म्हातारे होते. मामांनी त्यांना पत्र्याच्या कडेचं रबर कुठलं, गळती किती, असं विचारायला सुरुवात केली आणि दोघं तासभर बोलत बसले. त्यांची मोठी तक्रार पुराबद्दल नव्हतीच. "बरगे चोरीला जात्यात ओ. भंगारवाल्याला लोखंड लागतंय. चार बरगे गेले की त्या गाळ्यातनं सगळं पाणी पसार." म्हणजे राखण करायची ती नदीपासनं नाही, माणसांपासनं.

अक्कोळ-सिदनाळ बघून भोजला गेलो. वेदगंगा आणि दूधगंगा इथं भोजच्या शिवारात एकत्र येतात. जैन आचार्य शांतिसागर महाराजांचं हे गाव. पुरात दोन्ही नद्यांचं पाणी सामोरं येतं आणि एकमेकींना अडवतं, म्हणून या भागात पाणी चढायला वेळ लागत नाही, पण उतरायला लागतो. कारदग्याच्या बाजूला एका किराणा दुकानाच्या भिंतीवर रंगानं रेघा मारल्यात: २००५ ची एक, २०१९ ची तिच्या बरीच वर. दुकानदाराला विचारलं, पूर आला की काय करता? "माल माडीवर. आणि पलीकडच्या गावाला फोन." पलीकडचं गाव डोळ्यांसमोर दिसतं. बंधारा बुडाला की तिथं जायला तालुक्याला वळसा.

मलिकवाड-दत्तवाड मला सगळ्यांत जास्त बघायचा होता. दूधगंगेवरचा हा बंधारा दोन राज्यांना जोडतो. मलिकवाड कर्नाटकात, चिकोडी तालुका. दत्तवाड महाराष्ट्रात, शिरोळ तालुका. एका वेळी एकच गाडी जाईल एवढी रुंदी. आम्ही या टोकाला थांबलो, समोरनं उसाची बैलगाडी आली, मागनं दुधाचे कॅन लटकवलेली मोटरसायकल, तिच्या मागनं कॉलेजच्या दोन मुली सायकलवर. पाटी नसती तर राज्य बदललं हे कळलंच नसतं. त्या मुली एकमेकींशी मराठीत बोलत होत्या आणि समोर आलेल्या म्हशीला कन्नडमध्ये ओरडल्या.

बुडापेस्टची आणखी एक गोष्ट इथं आठवली. साखळी पूल १८४९ चा, पण नदीच्या दोन काठांवरची बुडा आणि पेस्ट ही गावं एक शहर झाली १८७३ मध्ये. आधी पूल, मग चोवीस वर्षांनी एकी. आमच्याकडं काठ पूर्वीपासनं सोयरिकींनी बांधलेले. हा सगळा मुलूख मुंबई इलाख्याचा आणि मधनं मधनं कोल्हापूर, सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी असल्या संस्थानांचा होता. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि दूधगंगेच्या मधनं रेघ गेली. रेघ आली तरी लग्नं थांबली नाहीत, ऊसही थांबला नाही; ज्या कारखान्याचा दर चांगला तिकडं तो जातो. सीमावादाचा दावा २००४ पासनं सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यावर माझं मत आहेच, मामांचंही आहे आणि ते एक नाही, त्यामुळे गाडीत आम्ही तो विषय काढत नाही. पण एक गोष्ट दोघांना इथं दिसली. दोन राज्यांच्या मधला पूल असला की दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न पूल बांधण्याहून मोठा होतो. खांबाची एक कड खचली होती. मामांनी टेप लावली, वहीत लिहिलं, आणि मग विचारात पडले की हे कळवायचं कुणाला.

काळम्मावाडी धरण महाराष्ट्रात आहे आणि त्यात कर्नाटकाचा हिस्सा आहे. पाण्याची वाटणी करणं जमलं. पुलाचीही जमावी.

संध्याकाळी कल्लोळ. इथं दूधगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पेपरात रोज आकडे येतात: कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातनं इतके क्युसेक, दूधगंगेतनं इतके, दोन्ही मिळून कल्लोळजवळ इतके. त्या बेरजेवर चिकोडी, अथणी, रायबागची झोप अवलंबून असते. कल्लोळ-येडूर बंधारा त्या बेरजेत पहिला बुडतो. कृष्णा इथं घाईत नसते. कोयनेकडं धो धो पडलेला पाऊस इथं निवांत पोचतो, हळूहळू चढतो आणि दिवसचे दिवस बसून राहतो. सपाट मुलूख, पाण्याला उतार नाही. आम्ही ओलांडलं तेव्हा पाणी बरग्यांना टेकून हिरवंगार उभं होतं आणि खंड्या पक्षी खांबावर बसला होता. पलीकडं येडूरला वीरभद्राचं देऊळ. तिथल्या भक्तनिवासात खोली मिळाली.

रविवार : मांजरी, उगार, कुडची

येडूरहून मांजरी जवळच. अंकली आणि मांजरी यांच्यामधला पूल चिकोडी-मिरज रस्त्यावरचा, उंच. बंधारे बुडाले की सगळी वाहतूक याच्यावर येते. म्हणजे बुटक्या पुलांच्या गावांचा आधार हा एक उंच पूल. मामांनी खाली उतरून गाळे बघितले, समाधानानं मान हलवली, आणि मग दोन्हीकडच्या भरावाकडं बघून ती मान परत थांबली.

तिथनं काठाकाठानं उगारला. उगारचा साखर कारखाना १९३९ चा. हंगाम सुरू झालेला, त्यामुळे गावाच्या अलीकडं दोन किलोमीटर मळीचा वास आणि ट्रॅक्टरांची रांग. रांगेत ऊस ओढून खाणारी पोरं. मीही एक धाट मागून घेतलं.

उगार आणि कुडची यांच्यामध्ये कृष्णेवर शेजारी शेजारी रस्त्याचा आणि रेल्वेचा असे पूल आहेत, आणि या सफरीत मला काही शिकायला मिळालं असेल तर ते इथं काठावर उभं राहून. मिरज-जमखंडी रस्त्याचा पूल पुरात बुडतो. २०१९ ला बुडाला, २०२१ ला बुडाला. रेल्वेचा त्याच्या कितीतरी वर. तीच नदी, तोच पूर, एकाच ठिकाणी दोन उंच्या.

ही लाईन सदर्न मराठा रेल्वेची. कंपनी १८८२ ला स्थापन झाली, १८८० च्या दशकाअखेरीस रूळ या भागातनं गेले, मीटर गेज. १९०८ ला ती मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. १९९० च्या दशकात मिरज-लोंढा ब्रॉडगेज झालं, आता दुपदरीकरण. एवढ्या सगळ्या बदलांत उंची मात्र कुणी कमी केली नाही. मामांचं म्हणणं सोपं: आगगाडीला वळसा घालून जाता येत नाही. रस्त्यावरच्या माणसाला येतं. म्हणून इंजिनियर रुळासाठी सगळ्यांत मोठ्या पुराची रेघ शोधतो, तिच्यावर मोकळी जागा सोडतो, मग गर्डर ठेवतो. रस्त्यासाठी किती दिवस बंद राहिला तर चालेल याचा हिशेब करतो. हिशेब बरोबरही असेल. पण त्या बंद दिवसांत कुडचीच्या बाईला उगारच्या दवाखान्यात जायचं असलं तर तिनं आगगाडीची वेळ बघायची.

पूर्वी पूर चढला की माणसं रेल्वेच्या पुलावरनं चालत जायची, असं कुडचीतल्या चहावाल्यानं सांगितलं. आता पोलीस जाऊ देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

कुडचीत माँसाहेबांचा दर्गा, पुढं चिंचलीला मायाक्का. माघात चिंचलीच्या जत्रेला महाराष्ट्रातनं बैलगाड्यांचे तांडे येतात तेव्हा हीच कृष्णा ओलांडतात. माघात नदी गरीब असते. मायाक्कानं आपली जत्रा पावसाळ्यात ठेवली नाही यात मोठं शहाणपण आहे.

रायबाग, घटप्रभा करत रात्री गोकाक.

सोमवार : गोकाक

गोकाक फॉल्सचा झुलता पूल फोटोत सगळ्यांनी बघितलाय. लांबी २०१ मीटर, खालच्या खडकापासनं उंची १४ मीटर, आणि थोडं खाली घटप्रभा ५२ मीटरवरनं घोड्याच्या नालेच्या आकारात कोसळते. धबधब्याशेजारी चालुक्य काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आणि कापडगिरणी. गिरणीची कंपनी १८८५ ची. १८८७ मध्ये इथं पाण्यावर वीज तयार झाली आणि ती आशियातली पहिली, असं गोकाककर छाती पुढं काढून सांगतात.

हा पूल बाकीच्या सगळ्यांहून वेगळा. नदीत एकही खांब नाही, त्यामुळे मामांच्या परीक्षेत पैकीच्या पैकी. पाणी कितीही येऊ दे, त्याला अडवायला खाली काही नाही. पण मामा स्वतः त्यावर चढले नाहीत. "खांबाचा पूल म्हातारा झाला की भेगा दाखवतो. तारेचा दाखवत नाही." ऑक्टोबर २०२२ ला गुजरातेत मोरबीचा झुलता पूल तुटला तेव्हापासनं मलाही अशा पुलावर पाय ठेवताना आधी तारा जिथं जमिनीत रोवल्यात तिकडं बघायची सवय लागलीय. झुलत्या पुलाचं सगळं वजन तिथं असतं, आणि फोटो काढणारा कुणी तिकडं बघत नाही.

धबधब्याला पाणी बेताचं होतं. पोरांची सहल आली होती, त्यांच्या बाई शिट्टी वाजवून दमल्या होत्या.

गावाजवळ लोळसूरचा पूल. गोकाकच्या वर हिडकल धरणाचं सोडलेलं पाणी, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय सगळं घटप्रभेत येतं, त्यामुळे २०१९, २०२१ ला गोकाकच्या बाजारात होड्या चालल्या. लोळसूर प्रत्येक वेळी बातमीत. शुक्रवारी संकेश्वरला बघितलेली हिरण्यकेशी इथं नाव बदलून गेलेली. पुराचं पाणी तालुका बघत नाही हे आम्ही बोलतो खरं, पण पूल मात्र तालुक्या-तालुक्यानं मंजूर होतात, आणि एका तालुक्यात भराव घातला की दुसऱ्यात पाणी चढतं.

करदंट ही गोकाकची मिठाई घेतली, अंकलगीवरनं बेळगाव. रात्री आपल्या घरी.

मंगळवार : खानापूर

मामींनी विचारलं, अजून पूल शिल्लक आहेत? मामा म्हणाले, मलप्रभा राहिली की.

खानापूरजवळ असोग्याला रामलिंगेश्वराचं देऊळ नदीकाठी, शेजारनं रेल्वेचा पूल. जागा सुंदर, पण तिथं जास्त रेंगाळलो नाही, कारण जांबोटीत एक माणूस वाट बघत होता. मामांच्या ओळखीतनं ओळख. भीमगडच्या जंगलातल्या एका वाडीचा. तिथनं कणकुंबीच्या बाजूला, जिथं मलप्रभा उगम पावते, पाऊस असा पडतो की बेळगावचा पाऊस त्यापुढं शिंतोडा वाटावा. या भागातल्या गवाळी, पास्टोली, कोंगळा, आमगाव असल्या वाड्यांना पावसाळ्यात नाले ओलांडायला साकव लागतो.

त्यानं जंगलाच्या कडेला एका नाल्यावर नेलं. साकव अजून उभा होता. नाल्याच्या दोन्ही काठांवरच्या झाडांना आधार धरून लांब वासे टाकलेले, त्यावर आडव्या काठ्या, वेल आणि तारेनं आवळलेल्या, हाताला धरायला एक बांबू. पाऊस यायच्या आधी वाडीतला प्रत्येक घरटी एक माणूस येतो आणि दोन दिवसांत हा बांधतात. आजारी माणूस, बाळंतीण असली तर खांद्यावरनं याच काठ्यांवरनं न्यायची, मग जंगलातनं चालत पक्क्या रस्त्यापर्यंत. दर पावसाळ्यात एखादा तसा फोटो पेपरात येतो, मंत्री आश्वासन देतात.

पक्का पूल का नाही? भीमगड २०११ ला अभयारण्य झालं. आत पूल बांधायला वन खात्याची परवानगी लागते. वाड्या बाहेर हलवायचं बोलणं चाललंय, आणि हलवायच्या वाडीला पूल कशाला, असा खात्याचा हिशेब. काही जण जायला तयार आहेत, काही नाहीत. आमच्याबरोबरचा म्हणाला, "हलवा नाहीतर पूल द्या, खरं यातलं एक तरी करा. दोन्हीच्या मधी आम्ही लटकून हाय."

मामा नाल्यात उतरले. खडकावर पुराची रेघ शोधली, टेप मी एका टोकाला धरली, ते दुसऱ्या. रुंदी, उंची, खडक कुठं लागतो, सगळं वहीत. मग एक पान फाडून त्या माणसाच्या हातात दिलं.

"एकाच गाळ्यात होतोय. मधी खांब नको. काठावर भराव घालायला लागले तर घालू देऊ नका."

तो हसला. पान घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला, पूल येईल तेव्हा येईल, मे महिन्यात साकव नवा बांधायचा आहे, वासे तोडायला माणसं कमी पडतात, साहेब येणार काय? मामांनी माझ्याकडं बघितलं. "हिच्या मामीला विचारून सांगतो," म्हणाले.